फारसी किताब आणि जैनबीचं नाव

जैनबीच्या पुस्तकाबद्दल कुणी भलतंसलतं बोललं की माझं डोकं फिरतं. परवा एका शिकल्यासवरल्या माणसानं मला तोंडावर ऐकवलं, "ते तिच्या वडिलांनी लिहिलेलं हो, बाईनं नुसतं छापून आणलं." मी त्याला चहा पाजणार होतो, तो रद्द केला. त्या पुस्तकाचा खिळा न् खिळा मी या बोटांनी जुळवलाय. कुणी लिहिलं हे मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? आणि त्यावरचं नाव कसं गेलं, तेही माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

मी वीरभद्रप्पा. नवी पेठेच्या मागच्या बोळात रुद्रप्पा मालकांचा छापखाना होता, तिथं मी कंपोझिटर, शिशाचे अक्षरखिळे एकेक करून ओळीत जुळवणारा. घरात बोलणं कानडी, पोटापाण्यासाठी मराठी. लग्नपत्रिका, उरसाची पत्रकं, चादरीच्या दुकानांची कॅलेंडरं, असलं काम. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी जैनबी पहिल्यांदा आमच्या दारात उभी राहिली. पंचेचाळिशीची बाई, अंगानं काटकुळी, बोटांना तंबाखूचा पिवळा रंग. हातातल्या पिशवीत शाळेच्या तीन वह्या होत्या.

ही बाई विड्या वळायची. नवरा वारलेला, पोरगी उजवलेली. सकाळी कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची आणि गल्लीतल्या कडुलिंबाखाली मांडीवर सूप घेऊन बसायची. भोवती आणखी पंधरा-वीस बायका. त्यांत मुसलमान होत्या, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या होत्या, दुष्काळात मेंढरं विकून सांगोल्याकडून आलेली धनगराची तानाबाई होती. हात विड्या वळायचे आणि कान जैनबीकडे असायचे, कारण जैनबी विड्या वळता वळता किताब सांगायची.

किताब फारसी. तिचे वडील निजामाच्या राज्यात, नळदुर्गाकडे, फारसीचे मास्तर होते. मुलगा नव्हता, म्हणून मुलीला शिकवलं. निजाम गेला, फारसी गेली, मास्तर सोलापुरात येऊन एका दुकानात पत्रं लिहीत बसले आणि तसेच वारले. मागं राहिली ही एक किताब. माणसानं बोलावं कसं, रागवावं किती, शेजाऱ्याशी, नोकराशी, बायकोशी वागावं कसं, असं सगळं त्यात होतं. मोठ्या पंडितांसाठी नव्हतंच ते. सुरुवातीची पाच-सहा पानं कधीच गळून गेली होती. त्यांच्याबरोबर लिहिणाऱ्याचं नावही गेलं. मास्तरांना ठाऊक नव्हतं, जैनबीलाही नाही.

जी पानं उरली होती त्यांतल्या पहिल्यावरच तो लिहिणारा म्हणत होता, "ज्यांना अरबी येते त्यांच्यासाठी किताबी पुष्कळ आहेत. मी ही भिस्त्यासाठी, हमालासाठी, भटारखान्यातल्या माणसासाठी लिहितो. ज्याला वाचता येत नाही त्यानं ऐकावी." जैनबी हे वाक्य पाठ म्हणायची आणि पुढं स्वतःचं जोडायची, "आन् विडीवालीसाठी. तिचं लिवायचं इसरला बिचारा."

ती सांगायची दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दूत. तेलुगू बायकांना निम्मं कळायचं, तानाबाईला चवलीभर. एक दिवस तानाबाई वैतागली. "आगं जैनबी, तू गोड बोलतीस पर माज्या डोस्क्यावरनं जातंय की. मराटीत सांग. आन् लिवून दे. माजी सून शाळा शिकल्याली हाय, ती घरी वाचून दावंल." जैनबीच्या गल्लीतल्या मुसलमान पोरीसुद्धा म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेतच जात होत्या. त्या दिवसापासून तिनं मराठी धरली. दिवसा बायकांना सांगायचं, बायका जिथं "म्हंजी?" म्हणून अडतील तिथलं वाक्य पुन्हा मोडायचं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या की वहीत उतरवायचं. अशी दोन वर्षं. मी पुष्कळ विद्वानांची पुस्तकं जुळवली आहेत, पण इतक्या जणींनी तपासलेलं पुस्तक माझ्या हाताखालून दुसरं गेलं नाही.

रुद्रप्पा मालकांनी वही चाळली आणि हसले. "बाई, मुसलमानी पुस्तक मराठीत? तुमचे लोक मराठीत वाचणार नाहीत आणि आमचे लोक हातात धरणार नाहीत. कोण घेणार हे?"

"लिवणाऱ्याला बी लोकांनी हेच इचारलं आसंल," जैनबी म्हणाली. "अरबी सोडून फारसीत कशाला लिवतोस म्हून. त्यानं बाजाराची भाषा घेतली. सोलापुरात बाजाराची भाषा कंची हाय, तुमीच सांगा. तुमी कानडी मानूस, गिऱ्हाइकाशी कशात बोलता?"

पैसे बायकांनी मिळून आणलेच होते. काम माझ्याकडं आलं.

आता कंपोझिटरची एक खोड असते. उलटे खिळे सुलटे वाचत बोटं चालतात, पण मजकूर डोक्यात शिरत नाही. शिरला तर काम होत नाही. जैनबीचा मजकूर मात्र शिरायला लागला. "राग आला की हातात जे असेल ते आधी खाली ठेव. मग बोल." हे जुळवलं त्याच संध्याकाळी मी घरी बायकोवर ओरडायला तोंड उघडलं आणि बघितलं तर हातात पितळी तांब्या. ठेवला खाली. बायको बघतच राहिली. माझ्यासारख्या तापट माणसाला असलं पुस्तक जुळवायला देणं हा एक प्रकारचा अन्यायच होता.

प्रूफ तपासायला ती दुपारी यायची आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसायची. मला वाटायचं, पुस्तक आहे, जरा भारदस्त दिसावं. मी एका ठिकाणी 'राग' काढून 'क्रोध' घातला. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हे काय रं?"

"आक्का, छापील भाषा अशीच असते."

"तुला क्रोध येतो व्हय? मला तर राग येतो. आत्ताच आलाय. काढ त्ये."

काढला. पुन्हा मी तिच्या मजकुराला हात लावला नाही, म्हणजे त्यानंतर एकदाच लावला. तेच सांगायला बसलोय.

पहिलं पान मी मनापासून सजवलं होतं. वर मोठ्या टाइपात 'भल्या वागणुकीची किताब', आणि खाली, 'मूळ फारसी. मराठीत लिहिणारी जैनबी, विडी कामगार, सोलापूर.' 'विडी कामगार' तिनं हट्टानं घालायला लावलं. "न्हायतर लोकांना वाटंल कुनी बेगम हाय," म्हणाली.

त्या पानाचं प्रूफ वाळत टाकलेलं असताना हाजी लाडलेसाब छापखान्यात आले. जैनबीच्या मोहल्ल्यातले मोठे गृहस्थ. उरसाची पत्रकं आणि निम्म्या मोहल्ल्याच्या लग्नपत्रिका त्यांच्या शब्दावर आमच्याकडं यायच्या. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. जैनबीचा नवरा गेला तेव्हा मयतीचं सगळं त्यांनीच उभं राहून केलं होतं. त्यांनी प्रूफ उचललं, चष्मा पुसला, वाचलं आणि मालकांना म्हणाले, "किताब छापा. चांगली गोष्ट हाय. बाईचं नाव नको."

मालकांनी जैनबीला बोलावून घेतलं. ती आली ती सूप घरी ठेवून, पण पदराला तंबाखूची भुकटी तशीच. हाजीसाब समजुतीच्या सुरात बोलले. "बेटी, दीनची बात लिवायची म्हंजी शिकल्याला आलिम लागतो. तू विड्या वळतीस. त्यातनं बाईमानसाचं नाव छापलं की ते कुटंबी जातंय. वाण्याच्या पुडीला जातंय, पायाखाली येतंय. तुझ्या अब्बांचं नाव घाल. मास्तर मोठा मानूस होता. त्यांची बी इज्जत, तुझी बी."

"चाचा, अब्बांनी मराठीत एक ओळ लिवली न्हाय. त्यांच्या नावावर खोटं कशाला घालू? त्यांना फारसी येत हुती म्हून मला आली, येवढं त्यांचं. बाकी ह्या तीन वह्या माज्या हायत."

"मग कुणाचंच नाव नको."

त्यावर ती उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण छपाईचं ट्रेडल यंत्र पायानं चालवणारा माणूस पाय थांबवून ऐकायला लागला. "चाचा, त्या किताबीची पहिली पानं गेली. लिवणाऱ्यानं समद्या जगाला शानपन दिलं आन् त्याचं नाव कुनाला ठावं न्हाय. मी ल्हानपनापासनं रोज त्याला वाचती आन् रोज मला वाटतं, ह्याला हाक कशी मारू? दुवा मागायची तर कुनाच्या नावानं मागू? त्याचं नाव वाळवीनं खाल्लं. माजं नाव मानसं खाणार व्हय? मी न्हाय खाऊ देनार. नाव ऱ्हाईल."

आणि ती निघून गेली. हाजीसाब मालकांकडं बघून एवढंच म्हणाले, "रुद्रप्पा, तुमी शहाणे हायसा." तेही गेले.

मालक थोडा वेळ पानाचा डबा उघडझाप करत बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वीरभद्रा, ती खालची ओळ उचल. त्या जागी एक फूल टाक."

मी उचलली. माझं लग्न झालेलं, घरात दोन पोरं, दुसरा छापखाना लगेच मिळणार नव्हता, ही सगळी कारणं खरी होती आणि मी ती त्या वेळी मनात मोजलीही. पण खरं सांगायचं तर मी भ्यालो. चिमट्यानं एक-एक खिळा काढला, 'जैनबी'ची अक्षरं टाइपाच्या खणांत परत टाकली आणि फुलांच्या खणातलं एक सहा पाकळ्यांचं फूल बसवलं. चांगलं दिसत होतं. ते चांगलं दिसत होतं याचीच मला अजून लाज वाटते.

पाचशे प्रती बांधून झाल्या. जैनबी आणि तानाबाई हातगाडी घेऊन न्यायला आल्या. मालक नेमके कुठंतरी बाहेर गेले होते. जैनबीनं वरची प्रत घेतली, पहिलं पान उघडलं, फुलावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"फूल आहे आक्का."

"मी काय मेलीया व्हय, माज्या नावावर फूल वाहाया?"

मी गठ्ठ्याची सुटलेली सुतळी पुन्हा बांधायला लागलो.

"तूच काढलंस?"

"व्हय. मालकांनी सांगितलं."

"किताब समदी तूच जुळवलीस न्हवं? शेवटचं पान बी?" एवढं बोलून तिनं गठ्ठे गाडीवर चढवले. तानाबाईनं मात्र जाता जाता माझ्याकडं असं बघितलं की तिच्या हातात विडीची पानं कापायची कात्री नव्हती हे बरंच झालं.

शेवटचं पान मीच जुळवलं होतं, आणि मला ते पाठ होतं. "ज्याचं काढून घेतलंस त्याच्याच दारात जा. नमाजानं ते फिटत नाही, दानानं फिटत नाही. काढलेलं परत घेऊन जा, आणि तो देईल तो जबाब उभ्यानं ऐकून घे." चार दिवस हे माझ्या मागं लागलं. जेवताना लागलं, टाइप धुताना लागलं. मी लिंगायत, गळ्यात लिंग, मला एका फारसी किताबीनं का छळावं असं म्हणून मी स्वतःवरच चिडलो. बरं, राग आला तर हातातलं खाली ठेवायचं हेही त्याच किताबीनं सांगितलेलं. सुटका कुठूनच नव्हती.

पाचव्या दिवशी छापखान्याला सुट्टी होती आणि किल्ली माझ्याकडं असायची. सकाळी जाऊन मी ती ओळ पुन्हा जुळवली. आधी होती त्याहून मोठ्या टाइपात. 'मूळ फारसी. मराठीत लिहिणारी जैनबी, विडी कामगार, सोलापूर.' मालकांचा कागद कापून पाचशे चिठ्ठ्या ट्रेडलवर काढल्या, वाळवल्या, धोतराच्या धडप्यात बांधल्या आणि भर दुपारी तिच्या गल्लीत गेलो.

कडुलिंबाखाली सगळ्या बसलेल्या. पुस्तकांचे गठ्ठे जैनबीच्या ओसरीवर दोरीसकट तसेच. एकही प्रत वाटली नव्हती. "बिननावाची किताब मी कुनाला देनार न्हाय," असं तिनं सांगून टाकलं होतं, आणि बायकाही हटून बसल्या होत्या.

मी चिठ्ठ्या तिच्या सुपाशेजारी ठेवल्या. "आक्का, मी काढलं होतं ते परत आणलंय. चुकलं माझं."

तिनं एक चिठ्ठी वाचली. चेहरा काही हलला नाही. "मोठ्यानं म्हन. ह्या समद्यांनी दोन वर्सं कान दिल्यात, त्यांचं बी काढलंस तू."

वीस बायकांसमोर मला मोठ्यानं म्हणावं लागलं. मी आयुष्यात मालकांपुढंसुद्धा कधी इतका उभा राहिलो नव्हतो. मी म्हणून झालं तशी तानाबाई म्हणाली, "पुन्यांदा म्हन. मला हितनं ऐकू आलं न्हाय." ऐकू आलं होतं तिला, चांगलं आलं होतं. मी पुन्हा म्हणालो.

मग जैनबीनं मैद्याची खळ करायला सांगितली. विडीच्या बंडलांवर कागदी लेबल लावायचं काम त्यांतल्या आठ-दहा जणींनी कारखान्यात केलेलं. एक बोट खळीत, एक चिठ्ठीवर, अंगठ्यानं एक दाब, की झालं. मी मदत म्हणून एक प्रत उघडली आणि पहिल्या पानावरच्या फुलावर चिठ्ठी ठेवली. जैनबीनं माझा हात धरला.

"तितं नको."

"अहो, नाव तिथंच असतं."

"पहिलं पान आधी जातंय, वीरभद्रा. अब्बांच्या किताबीचं गेलं. माज्या बी जाईल. मधी लाव. शेजाऱ्याचा बाब, म्हंजी धडा, हाय न्हवं, त्याच्या डोक्यावर. पुस्तक शिवल्याली जागा. तितनं जाया पुस्तकच फाडाय लागतंय."

मी तीस वर्षं छापखान्यात काढली, पण पुस्तक कुठून मरतं हे मला त्या विडीवाल्या बाईनं शिकवलं.

निम्म्या प्रती झाल्या असतील तेव्हा हाजीसाब गल्लीतून आले. बायकांनी पदर सावरले, पण एकीचंही बोट थांबलं नाही. जैनबी उठली, एक प्रत घेतली आणि दोन्ही हातांनी अदबीनं त्यांच्यापुढं धरली. "घ्या चाचा. पहिलं पान तुमच्या मनासारखं हाय. फूल हाय त्यावर."

त्यांनी पहिलं पान बघितलं. मग पुस्तकाच्या मधून जरा फुगलेल्या कडेकडं बघितलं. ओली खळ लपत नाही. त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगेन.

"जैनबी, लोक मला इचारतील."

"मग सांगा त्यांना. माजं नाव तुमच्या तोंडातनं गेलं तर मला आनंदच हाय. माज्या नवऱ्याला खांदा दिलासा तुमी, ते मी मरंस्तवर इसरनार न्हाय. पर त्याच्या बदल्यात माजं नाव मागू नगा."

हाजीसाबांनी प्रत शेरवानीच्या खिशात घातली आणि मशिदीच्या वाटेला लागले. त्यांनी ती वाचली का, मला माहीत नाही. उरसाची पत्रकं त्या वर्षी दुसऱ्या छापखान्यात गेली, एवढं माहीत आहे. मालकांनी मला फैलावर घेतलं. कागद कुणाला विचारून कापलास, म्हणाले. मी म्हणालो, "कुणाला नाही. कामावरनं काढायचं असेल तर काढा." मालकांनी डबा उघडला, पान लावलं आणि एक पान माझ्यापुढं सरकवलं. काढलं नाही.

पुस्तकं विडीच्या कारखान्यांतून, मागांच्या शेडांतून, माहेरी जाणाऱ्या बायकांच्या पिशव्यांतून गेली. एक गठ्ठा तानाबाई सांगोल्याला घेऊन गेली. दुसरी आवृत्ती निघाली नाही. जैनबीनं आणखी काही लिहिलं नाही. "माजी एकच किताब हुती, ती दिली," म्हणाली आणि अखेरपर्यंत विड्या वळत राहिली. ती गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मोहल्ल्यात हळूहळू मास्तरांनीच किताब लिहिली असं बोलणं सुरू झालं. कुणी सुरू केलं देव जाणे. बाईनं लिहिली म्हणण्यापेक्षा ते लोकांना सोपं पडत असावं.

म्हणून त्या शिकल्यासवरल्या माणसाचं ऐकून मी तडक उठलो आणि रद्दीवाल्यांची दुकानं पालथी घालायला निघालो. माझी स्वतःची प्रत एका व्याह्यानं नेली ती परत आणली नाही. चौथ्या दुकानात, शाळेच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगाखाली सापडली. कव्हर नव्हतं. पहिली आठ पानं नव्हती. माझं ते देखणं फूल कुठल्या वाण्याच्या पुडीला गेलं होतं कोण जाणे.

मी उभ्या उभ्याच मध्ये उघडली. शेजाऱ्याचा बाब. त्याच्या डोक्यावर ती चिठ्ठी, कागद तपकिरी पडलेला, अक्षरं काळीशार. मूळ फारसी. मराठीत लिहिणारी जैनबी, विडी कामगार, सोलापूर. मी नखानं एक कोपरा उचलून बघितला. निघाला नाही.